सर्वत्र, फक्त घर सोडून

पत्र (थोडं आटोपशीर करून):

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे मराठी कॅथलिक, आता ठाण्यात राहतो. आमचे हे बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून, २०१२ साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले. २८ वर्षं नोकरी. त्यातली जेमतेम सहा वर्षं मी फॅमिली क्वार्टरमध्ये सोबत होते. बाकी सगळी वर्षं मी, सासूबाई आणि दोन मुलं. नंतर १२ वर्षं एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर. तेही संपलं तेव्हा वाटलं, आला माणूस घरी. महिनाभर होते. त्या महिन्यात माझे डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले, सुनेला चहाची वेळ बांधून दिली. मी म्हटलं, "ही पलटण नाही." मग चर्चमध्ये जायला लागले, ते तिथलेच झाले. रोज सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना), व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीतर्फे गरिबांच्या घरभेटी, पहिल्या शुक्रवारी आजारी माणसांना कम्युनियन, दफनभूमीची समिती, सणाला मंडपापासून पार्किंगपर्यंत सगळं. कुणी वारलं की रात्री दोनला फोन ह्यांनाच. रविवारच्या धर्मशिक्षणात मुलांना १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंची गोष्ट रंगवून सांगतात, घरचा नातू ती माझ्याकडून ऐकतो. मागच्या महिन्यात माझ्या गुडघ्यासाठी माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल (मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी) घ्यायचा होता, नेमके त्याच दिवशी हे एका विधवेच्या पेन्शनच्या कामाला गेले. हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला लग्नापासून मी सासूबाईंबरोबर जात आले. यंदा पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर गेले, तर हे बसमध्ये माणसं मोजत होते आणि माझ्या शेजारच्या सीटवर तेलाचा डबा. आधी पलटणीने नेलं, आता देवाने. पलटणीला शिव्या तरी देता यायच्या. देवाशी कसं भांडू? फादरांना सांगितलं तर चहाडी होईल. पापनिवेदनात "मला मत्सर वाटतो" एवढंच सांगून आले.
– एक सुभेदारीण, ठाणे

सुभेदारीणबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तेलाच्या डब्यापाशी मोठ्याने हसले. दुसऱ्यांदा तिथेच घशाशी आलं.

आधी माझी बाजू सांगते. मी ख्रिस्ती नाही. लहानपणी तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चवरून शाळेत जायचे, नाताळात गोठा बघायला मैत्रिणींबरोबर आत शिरायचे, एवढाच संबंध. पण तुमचं दुखणं ओळखायला बाप्तिस्मा लागत नाही. माझे सासरे रेल्वेतून निवृत्त झाले आणि भजनी मंडळात असे शिरले की सासूबाई म्हणायच्या, "विठोबाला रखुमाई पुरली नाही, माझा नवराही लागला." आमच्या शेजारच्या इमारतीतले एक साहेब निवृत्तीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी झाले. त्यांच्या बायकोचे हाल तर विचारूच नका, तिथे पदरात पुण्यसुद्धा पडत नाही.

तेव्हा देवाशी भांडायची वेळ तुमच्यावर आलेली नाही. देवाने तुमचा माणूस नेलेला नाही. तो स्वतःच्या पायांनी, बहुतेक दहा मिनिटं आधी, तिथे हजर झाला.

आणि का झाला, ते तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथे अडकले. डाळींचे डबे. जरा त्यांच्या जागी उभ्या राहून बघा. २८ वर्षं ज्या माणसाचा दिवस बिगुलावर सुरू झाला, गणतीला उभा राहिला, चार्ज घेतला, चार्ज दिला, तो माणूस घरी आला. घर चालू होतं. घर उत्तम चालू होतं, कारण ते तुम्ही चालवलं होतं. मुलांच्या ॲडमिशन, सासूबाईंचं आजारपण, गळकं छप्पर, गॅसचा नंबर, सगळं तुमच्या हाताखाली. तिथे सुभेदारसाहेबांना रिकामी एकच जागा दिसली: डबे कसे लावायचे. ती त्यांनी घेतली आणि तुम्ही सांगितलंत, ही पलटण नाही. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझे डबे कुणी उंचीप्रमाणे लावले असते तर मी याहून वाईट बोलले असते. पण त्यांनी ते वाक्य बदलीच्या हुकमासारखं ऐकलं असावं. दुसऱ्या ठिकाणी रिपोर्ट केलं.

आता ते ठिकाण चर्चच का, याचंही उत्तर फौजेतच आहे. फौजेतल्या देवाबद्दल आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. तुम्ही क्वार्टरमध्ये राहिलात म्हणजे तुम्ही पाहिलं असेल, बाकीच्या वाचकांसाठी लिहिते. युनिटमध्ये सर्व धर्म स्थळ असतं, एका छपराखाली सगळे देव. रविवारी मंदिर परेड असते, आणि ती खरोखरच परेड असते, तिला हजेरी लागते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे फौजेत भरती होणारे जेसीओ असतात, म्हणजे जवान आणि बडे अधिकारी यांच्या मधल्या दर्जाचे, सुभेदारांसारखे. म्हणजे तुमच्या ह्यांच्या आयुष्यात प्रार्थना आणि ड्यूटी कधी वेगळ्या खोल्यांत राहिल्याच नाहीत. चर्चमध्ये कुणीतरी त्यांच्या हातात रजिस्टर दिलं असेल, आणि त्यांना वाटलं असेल, आलो आपल्या ठिकाणी. घरात कुणी रजिस्टर देत नाही. घरात नुसतं असावं लागतं. ते त्यांना कुणी शिकवलं नाही, आणि शिकायच्या वयात ते सरहद्दीवर होते.

सॅपर्सचं, म्हणजे सगळ्या इंजिनिअर कोअरचंच, ब्रीद "सर्वत्र" आहे ना? तुमच्या पत्राच्या मार्जिनमध्ये मी पेन्सिलीने लिहून ठेवलं: सर्वत्र, फक्त घर सोडून. (हे त्यांना वाचून दाखवलंत तर माझं नाव सांगा, तुमचं नको.)

ते करतात ते काम खोटं नाही, हेही सांगायलाच हवं. त्या विधवेचंच घ्या. फौजी कागद काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाची, मुलांच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे फौजेच्या दप्तरी हुकमाने, झालेली नसली, नावाचं एक अक्षर आधारशी जुळलं नाही, की बाई वर्षानुवर्षं खेटे घालते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा, "स्पर्श" या पेन्शनच्या पोर्टलवर काय भरायचं, हयातीचा दाखला कधी द्यायचा, यातलं तिला काही माहीत नसतं. त्यात एक सुभेदार शेजारी बसून फॉर्म भरून देतो म्हणजे किती, हे तीच जाणे. रात्री दोनला ज्यांच्या घरात माणूस गेलेलं असतं त्यांना शववाहिका, डॉक्टरचा दाखला, खड्डा, फादरांची वेळ यातलं काहीच सुचत नाही. ठाण्यासारख्या शहरात, जिथे शेजारचा मजला ओळखत नाही, तिथे असा एक फोन नंबर असणं मोठी गोष्ट आहे. त्या नंबरच्या शेजारच्या उशीवर झोपमोड होते ती तुमची, एवढंच.

आता तुमच्या "मत्सरा"कडे येते. मला वाटतं, पापनिवेदनात तुम्ही चुकीचं नाव सांगितलंत. मत्सर दुसऱ्याच्या वस्तूवर असतो. तुमचं जे आहे त्याला एरियर्स, थकबाकी, म्हणतात. २८ वर्षांत जे रविवार, जे सण, जी बाळंतपणं खात्यावर जमा व्हायला हवी होती ती झाली नाहीत, आणि तुम्ही निवृत्तीच्या तारखेकडे बघत गप्प राहिलात. वन रँक वन पेन्शनची थकबाकी हप्त्याहप्त्यानेच का होईना आली. तुमची कुणी मोजलेलीच नाही. मोजणारा माणूस बसमध्ये दुसऱ्यांना मोजत होता.

आणि मोजायला लावायचं तर ती त्यांच्या भाषेत लावावी लागेल. "तुम्ही मला वेळ देत नाही" हे वाक्य तुम्ही त्यांना म्हटलं असणार, पत्रात नाही पण मला खात्री आहे. त्या वाक्याचं ते काय करणार? त्यात तारीख नाही, जागा नाही, काम नाही. फौजी माणसाला मोघम तक्रार कळत नाही, नेमकी वेळ कळते. "मंगळवारी सकाळी नऊ, पॉलिक्लिनिक, माझा रेफरल, दोघांनी." एवढंच, चहा देताना, रडारड न करता. तुम्ही म्हणाल, हे सांगावं का लागावं, त्यांना आपोआप कळायला नको? बाई, आपोआप काही कळत नसतं. माझ्या लग्नाला ४० वर्षं झाली, मी अजून यादी लिहून देते. आणि रेफरलच्या दिवशी दुसरं काम आलं आणि ते निघाले, तर? तर तुम्ही एकट्या जा, रिक्षा करून. गुडघ्याचा मान नवऱ्याच्या मनावर टांगून ठेवू नका. पॉलिक्लिनिकचं कार्ड तुमच्या नावाचं आहे.

दुसरं एक काम सांगते, ते मला फार महत्त्वाचं वाटतं आणि बायका ते टाळतात, अशुभ वाटतं म्हणून. एका रविवारी दुपारी त्यांना म्हणा, "तुम्ही सगळ्या विधवांची फाइल लावून दिलीत, आता माझी लावा." पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, तुमचं नाव, तुमची जन्मतारीख आधारशी जुळते का. बँकेचं खातं दोघांचं आहे का. मुलांच्या नोंदी झाल्यात का. "स्पर्श"चा पासवर्ड कुठे आहे. ते गेल्यावर कौटुंबिक पेन्शन किती बसेल, साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, हे त्यांच्या तोंडून ऐका. हे काम करायला त्यांना आवडेल, कारण ते काम आहे. आणि ते करताना दोन तास तुम्ही दोघं एका टेबलाशी बसाल, त्यांना स्वतःच्या मरणाचा विचार करावा लागेल आणि त्या विचारात पहिल्यांदा तुम्ही असाल. मी पैज लावते, त्या दुपारी ते तुमच्याकडे बघतील.

फादरांकडे जायचं का? एकट्या, साहेबांच्या पाठीमागे, नको. चहाडी होईल म्हणून नव्हे, तर त्यांना ती शिस्तभंगाची तक्रार वाटेल आणि मग ते बचावात उतरतील. आधी त्यांना सांगा की एकच जबाबदारी द्यायची आहे, सगळ्या नाही. माझ्या मते तो रात्रीचा फोन. दफनभूमीच्या समितीत दोन-तीन माणसं तयार करायची, आठवड्याआड पाळी लावायची. त्याला ते "सोडणं" म्हणणार नाहीत, "चार्ज देणं" म्हणतील, आणि चार्ज देण्यात सैनिकाला कमीपणा वाटत नाही. उलट ज्याच्या हाताखाली दुसरा तयार झाला नाही तो कसला जेसीओ? याला ते कबूल झाले, तर फादरांकडे दोघं मिळून जा. धर्मग्रामातली (पॅरिशमधली) ही पदं बहुतेक ठरावीक मुदतीची असतात, कुणालाही जन्मभर चिकटवून ठेवायचा चर्चचाही हेतू नसतो. शहाणे फादर स्वतःच सुचवतील. लग्न हाही तुमच्या सात संस्कारांतला एक आहे, हे त्यांना मी सांगायला नको.

आता एक गोष्ट, जी मला व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीबद्दल वाचताना सापडली आणि मी खुर्चीत सरळ बसले. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. सुरू करणारा फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. गरिबाच्या घरी जायचं, त्याच्या दारात उभं न राहता आत बसायचं, जोडीने जायचं, ही घरभेटीची पद्धत तेव्हापासूनची. हा ओझानाम पुढे प्राध्यापक झाला, लेख लिहायचा, गरिबांसाठी झिजला, ४० व्या वर्षी गेला. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. म्हणजे तुमच्या ह्यांच्यापेक्षा कामात कमी नव्हता, असं धरून चालू. त्याचं लग्न १८४१ साली २३ जूनला झालं, अमेलीशी. त्यानंतर दर महिन्याच्या २३ तारखेला तो बायकोला फुलं द्यायचा. दर महिन्याला. आजारात अंथरुणाला खिळला तेव्हाही चुकवलं नाही.

तुमच्या लग्नाची तारीख काय आहे हो?

ही गोष्ट त्यांना ऐकवू नका. भांडणात संत आणले की भांडण दोन पिढ्या चालतं. बायबलमधली वचनंही नकोत. त्या शताधिपतीची, रोमन फौजेतल्या अधिकाऱ्याची, गोष्ट तर नकोच, जो येशूकडे आला आणि म्हणाला, आपण माझ्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही. ते वाक्य तुम्ही दोघं रोजच्या मिस्सेत कम्युनियनच्या आधी म्हणताच. ते एका फौजी माणसाचं वाक्य आहे आणि तो आला होता घरात आजारी पडलेल्या माणसासाठी, एवढं त्यांच्या लक्षात कधीतरी आपलं आपण येईल. तुम्ही फक्त हे पान मोबाइलवर उघडं ठेवून स्वयंपाकघरात जा.

एक छोटी विनंती मात्र तुमच्याकडून. एका घरभेटीला त्यांच्याबरोबर जा. सभासद होऊ नका, रजिस्टरात नाव घालू नका (१९६७ पासून बायकांनाही सभासद होता येतं, पण तुम्हाला नवी ड्यूटी नकोय हे मला समजतं). नुसतं जा, त्यांच्या शेजारी बसा आणि बघा की ते त्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलतात. तुमच्याशी बोलत नाहीत तो आवाज तुम्हाला तिथे ऐकू येईल. राग येईल. येऊ द्या. पण तो आवाज त्यांच्यात आहे, हे तुम्हाला कळलेलं असेल. नातवाचंही तसंच. साहेबांना गोष्ट सांगायला वर्ग लागतो, तर लावून द्या वर्ग: नातू, त्याचे इमारतीतले दोन मित्र, शनिवारी सहा वाजता, आणि शेव-चिवडा. चार साधूंची गोष्ट घरातही तितकीच रंगेल. गोष्ट ठाण्याची आहे, मुलंही ठाण्याची.

पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर, तुम्ही ताजा कलम म्हणून एक ओळ लिहिली आहे. २००२ मध्ये राजस्थानच्या सीमेवर सुरुंग काढताना ह्यांच्या तुकडीतला एक मुलगा गेला, आणि त्याबद्दल तुम्हाला आजवर तीनच वाक्यं सांगितली. ती ओळ मी वर छापली नाही, इथे लिहिते आहे, कारण तिच्यात मला घाई करायची नव्हती. दफनभूमीची समिती त्यांनीच मागून घेतली का? कोणी गेलं की सगळ्यात आधी पोहोचायचंच, असं त्यांच्यात काही आहे का? मला माहीत नाही, आणि पत्रावरून निदान करणाऱ्या सल्लागारांचा मला रागच येतो. ते रात्री दचकून उठत असतील, आवाजाने घाबरत असतील, पिण्याचं वाढलं असेल, तर ते डॉक्टरांचं काम आहे. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. पण २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, ते दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातील. त्या दिवशी तुम्हीही जा. सगळ्यांच्या मेणबत्त्या लावून झाल्या की एक जास्तीची त्यांच्या हातात द्या आणि विचारा, त्याचं नाव काय होतं. चौथं वाक्य आलं तर ऐका. नाही आलं तर घरी चला.

आणि पुढच्या सप्टेंबरात हरेगावला जाल तेव्हा बसमध्ये लवकर चढा, खिडकीजवळ बसा आणि ड्रायव्हरला सांगून तेलाचा डबा आधीच डिकीत ठेवायला लावा. माणसं मोजून झाली की त्यांना बसायला जागा लागेल.

– तुमची, ताई